‘मी जातो’ म्हणणारी मुलगी : कथेतले संवाद खरे कसे वाटतील

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मुलामुलींनी लिहिलेल्या पहिल्यावहिल्या कथांत हमखास अशा वळणाचा संवाद सापडतो :

“आई, मी महाविद्यालयात जात आहे. आज माझी इंग्रजीची चाचणी आहे. ती मागच्या आठवड्यात पुढे ढकलली होती.”

“बरं बाळा, पण लवकर परत ये. तुझे बाबा निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत काम करतात आणि आज ते दोन महिन्यांनी घरी येणार आहेत.”

व्याकरणाला पैकीच्या पैकी गुण. तरीही वाचताना दोघींपैकी एकीचाही आवाज कानात येत नाही. का येत नाही ते नीट पाहू, कारण पुढचं बरंचसं काम याच दोन वाक्यांत लपलंय. बाबा कुठे कामाला आहेत हे मुलीला जन्मापासून माहीत आहे, आई तिला ते पुन्हा सांगणार नाही. ती माहिती वाचकासाठी आहे आणि लेखकानं ती आईच्या तोंडात कोंबली आहे. दुसरं, उंबऱ्यात चपला घालत उभं असलेलं माणूस तीन-तीन पूर्ण वाक्यं बोलत नाही. तिसरं, या घरात ‘महाविद्यालय’ आणि ‘चाचणी’ कोणी म्हणत नसणार.

आता हाच प्रसंग असा :

“जातो गं आई.”

“डबा?”

“नको. टेस्ट हाय, अकराला सुटतो.”

“मग सरळ घरी ये. बाबा यायचेत आज.”

“आज? कशानं?”

“वखारीच्या टेम्पोनं. तेवढं पाणी भरून ठेवायचं बघ.”

दोन महिने गेले ते कुणी सांगितलं नाही, पण मुलीच्या ‘आज?’मध्ये ते थोडंफार आलं. उरलेलं निवेदनात एका ओळीत सांगता येतं. ते सांगणं हे निवेदनाचंच काम, पात्रांना त्यात राबवू नये. आणि बोलणारी मुलगीच आहे, ‘जातो’ ही छपाईची चूक नाही. त्याबद्दल पुढे.

ऐकायचं काय आणि टिपायचं कसं

‘लोकांचं बोलणं ऐका’ हा सल्ला सगळे देतात आणि मग मुलं बसस्थानकावर जाऊन शब्द टिपत बसतात. नुसते शब्द टिपून फार हाती लागत नाही. एक छोटी वही घ्या आणि एका वेळी दहा मिनिटांपेक्षा जास्त ऐकू नका, कान थकतात. पहिल्या दिवशी फक्त एवढंच लिहा : कुठल्या प्रश्नाला उत्तर मिळालं नाही? दुसऱ्या दिवशी : कोण कुणाचं वाक्य अर्ध्यावर तोडतं, आणि कोणाचं कोणीच तोडत नाही? तिसऱ्या दिवशी : माणसं एकमेकांना काय म्हणून हाक मारतात? चौथ्या दिवशी : बोलताना हात काय करत होते? अशी चार पानं झाली की त्यातून एक कथा भागते.

जागा बदलत्या ठेवा. मध्यवर्ती बसस्थानक, गणपत गल्लीतला भाजीबाजार, गावातली डेअरी, पीठाची गिरणी. गिरणीत माणसं ओरडून बोलतात, म्हणून वाक्यं छोटी होतात. वडगाव, शहापूर, खासबागेतल्या विणकरांच्या घरात माग चालू असताना असंच होतं. मागाच्या खडखडाटात कोणी लांबलचक मन मोकळं करत नाही. मनातलं बोलायचं तर वीज जाईपर्यंत थांबावं लागतं. जागेचा आवाज ठरवला की अर्धा संवाद आपोआप ठरतो, ही गोष्ट नवे लेखक सहसा विसरतात.

फोनवर कुणाचं बोलणं गुपचूप रेकॉर्ड करू नका. एक तर ते बरं नव्हे. शिवाय तसं ऐकून उतरवलेलं लिखाण कथेत कामाला येत नाही. खऱ्या गप्पांत ‘म्हणजे’, ‘काय म्हणतात ते’, ‘ऐक की’ यांचा पाऊस असतो, एकच गोष्ट तीनदा येते, विषय मध्येच हरवतो. कानाला ते चालतं, डोळ्यांना झेपत नाही. आणखी एक सावधगिरी : लहान गावात एका वाक्यावरून माणूस ओळखू येतो. कुणाच्या घरातलं भांडण ऐकलं असेल तर त्यातली लय घ्या, भांडणाचं कारण, नाती आणि गल्ली बदला.

वीस ओळींच्या आठ ओळी

पहिला खर्डा सैल हातानं लिहा, वीस-पंचवीस ओळींचा. मग कापायला बसा. सुरुवातीचं ‘काय चाललंय’, ‘बरं आहे’, ‘चहा घेणार?’ आधी काढा. प्रसंगात शक्य तेवढ्या उशिरा शिरायचं. चहा ठेवायचाच असेल तर त्या चहानं काही घडलं पाहिजे : कोणीतरी तो नाकारला, किंवा पाहुण्याला आला आणि धाकट्या भावाला आला नाही. मग ज्या उत्तरात प्रश्नातलेच शब्द परत आलेत ती वाक्यं शोधा. “तू उद्या बेळगावला जाणार आहेस का?” “हो, मी उद्या बेळगावला जाणार आहे.” हे पाठ्यपुस्तकातलं उत्तर झालं, शाळेत ‘पूर्ण वाक्यात उत्तर द्या’ म्हणून घोटून घेतलेलं. माणूस म्हणतो, “बघू पावसाचं.” शेवटी ज्या ओळी काढल्या तरी पुढची ओळ कळते त्या काढा. आठ-दहा ओळी उरल्या तर काम जमतंय. वीसच्या वीस उरल्या तर कापायला हात धजावत नाही एवढंच.

नावांची परीक्षाही इथेच घ्या. ‘तो म्हणाला’, ‘ती म्हणाली’ बोटानं झाका आणि वाचा. कोण बोलतंय ते कळत नसेल, तर सगळी पात्रं लेखकाच्याच आवाजात बोलतायत.

विचारलं एक, सांगितलं भलतंच

संवाद जिवंत राहतो तो ताणामुळे, आणि ताण येतो दोघांना वेगवेगळं हवं असल्यामुळे. लिहायला बसण्याआधी प्रत्येक पात्रासाठी एक ओळ कागदावर लिहा : याला या पाच मिनिटांत काय हवंय? ‘प्रेम हवंय’, ‘सन्मान हवाय’ असलं मोठं लिहू नका. ‘सही हवीय’, ‘विषय टाळायचाय’, ‘पाचशे रुपये हवेत’ असं लिहा.

कडोलीकडचे दोन भाऊ घ्या. थोरल्याला शेताची वाटणी हवी, धाकट्याला तो विषयच नको.

“उतारा काढलास?”

“पाऊस उघडला नव्हं.”

“उतारा म्हणतोय मी.”

“वैनी, अण्णाला पाणी दे की. तापलाय.”

“पाणी नको मला.”

“बस तरी. आल्या आल्या उभ्यानं बोलतोस.”

थोरला बसला नाही.

इथे ‘वाटणी’ हा शब्दच आला नाही. धाकटा उत्तर देत नाही, पण गप्पही बसत नाही. पाऊस, पाणी, बसणं, सगळं पुढे करून तो वेळ काढतो. आणि शेवटी थोरल्याचं न बसणं हेच उत्तर झालं. नवे लेखक इथे हटकून एक वाक्य जोडतात : “मला कळतंय, तू वाटणीचा विषय टाळतोयस.” जोडू नका. ते वाचकाला कळलंय, आणि स्वतःला कळल्याचा आनंद तुम्ही त्याच्याकडून काढून घेता.

याच तुकड्यात ‘उतारा’ आहे, ‘सातबारा’ नाही. हे मुद्दाम.

कर्नाटकातली मराठी कथा, महाराष्ट्रातले शब्द

सीमाभागातल्या लेखकाचा एक खास घोटाळा इथे होतो. वाचन सगळं पुण्या-मुंबईच्या पुस्तकांचं, बातम्या महाराष्ट्राच्या, त्यामुळे पात्रांच्या तोंडीही तिथल्याच कारभाराचे शब्द येतात. पण १ नोव्हेंबर १९५६ पासून हा भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात आहे, आणि कागदपत्रं, परीक्षा, कचेऱ्या तिथल्या आहेत. इथला मुलगा दहावीला ‘एसएसएलसी’ म्हणतो, अकरावी-बारावीला ‘पीयूसी फर्स्ट’, ‘पीयूसी सेकंड’. गावात सरपंच नसतो, ग्रामपंचायतीचा अध्यक्ष असतो. जिल्हाधिकाऱ्यांच्या कचेरीला लोक ‘डीसी ऑफिस’ म्हणतात. कथेतली इथली मुलगी “माझा बारावीचा निकाल लागला” म्हणाली तर फार बिघडत नाही, पण “पीयूसीचा रिझल्ट लागला” म्हणाली की ती मुलगी कुठल्या गल्लीतली ते कळतं.

गावाच्या नावाचंही तसंच. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारदरबारी ‘बेळगावी’ झालं. कन्नड बोलणारा माणूस आधीपासून ‘बेळगावी’च म्हणत आलाय. मराठी आजोबा ‘बेळगाव’ सोडून दुसरं काही म्हणणार नाहीत. अर्ज भरणारा नातू अर्जावर एक लिहील आणि तोंडानं दुसरं म्हणेल. एका शब्दात एवढं सांगता येत असेल तर त्यावर भाषण लिहायचं कशाला?

काळही सांभाळा. कर्नाटकात ११ जून २०२३ पासून राज्यातल्या बायकांना सरकारी साध्या बसमध्ये फुकट प्रवास आहे, कंडक्टर शून्य रुपयांचं तिकीट देतो. त्यानंतरच्या काळातल्या कथेत खानापूरची आजी बसमध्ये कमरेच्या पिशवीतून सुट्टे पैसे मोजायला लागली तर इथला वाचक तिथेच कथा बाजूला ठेवेल. त्याआधीच्या कथेत मात्र तिला सुट्ट्या पैशांवरून भांडू द्या.

कोण कुणाशी कुठल्या भाषेत बोलतं

आता मुख्य गोष्ट. इथली बहुतेक माणसं दिवसातून तीन-चार वेळा भाषा बदलतात. घरात मराठी, बसमध्ये कन्नड, कॅम्पातल्या दुकानात हिंदी किंवा दखनी, कॉलेजात इंग्रजी घुसडलेलं काहीतरी. हे सगळं कथेत जसंच्या तसं आणायचं म्हटलं तर खिचडी होते, आणि सगळं शुद्ध मराठीत उतरवलं तर खोटं वाटतं. मधली वाट आहे, पण ती आधी ठरवून घ्यावी लागते.

प्रत्येक दोन पात्रांच्या जोडीसाठी एक भाषा ठरवा. म्हाताऱ्या आजीची सुनेशी मराठी, शेजारच्या अक्काशी कन्नड. नातवाची मित्राशी मराठी, दुकानदाराशी कन्नड. वहीत हे जोड्यांनी लिहून ठेवा. मग कथेत जिथे ही ठरलेली भाषा मोडते तिथे काहीतरी घडतंय असं समजा. भाषा बदलणं म्हणजे दार उघडणं किंवा दार लावणं. तालुका कचेरीतला हा तुकडा बघा :

“सर, स्वल्प... अर्जी...” मामांनी कागद पुढे केला. पुढचा कन्नड शब्द सापडेना.

कारकुनानं कागद घेतला. “बसा मामा. मराठीत सांगा.”

एवढ्यानं कारकुनाचा सगळा स्वभाव आला. ‘तो दयाळू होता’ लिहायची गरज उरली नाही. उलटंही होतं. दोन मैत्रिणी तिसरीसमोर मराठी सोडून कन्नडमध्ये बोलू लागल्या आणि तिसरीला ती येत नाही, तर कुणी काही वाईट न बोलताच ती एकटी पडली.

कन्नड शब्द मराठी मजकुरात किती घालायचे? एका वाक्यात एक ते तीन, आणि असे की अर्थ पुढच्या बोलण्यातून किंवा कृतीतून कळावा. कंसात अर्थ देऊ नका. लगेच दुसऱ्या वाक्यात भाषांतरही करू नका, तो सगळ्यात वाईट उपाय : “बर्री, म्हणजे या.” असं कोणी बोलत नाही. त्याऐवजी :

“मुंद होग्री, मुंद होग्री!” कंडक्टर ओरडला.

“कुठलं मुंद?” आजी म्हणाली. “हितं पाय ठेवाय जागा न्हाई.”

“यल्लिग्री?”

“नंदगड.”

“आधार तोरसरी.”

आजीनं पदराची गाठ सोडली आणि घडी पडलेलं आधार कार्ड त्याच्या तोंडासमोर धरलं. “बघ बाबा. फोटू माझाच हाय.”

कन्नड न येणाऱ्या वाचकालाही इथे काही अडत नाही. ‘मुंद’ म्हणजे पुढे, ते आजीच्या उत्तरातून कळतं. ‘यल्लिग्री’ म्हणजे कुठे जाणार, ते ‘नंदगड’मधून. ‘तोरसरी’ म्हणजे दाखवा, ते कार्डातून. तीन वाक्यं, तीन आधार. आणि कंडक्टर कन्नड बोलतो, आजी मराठी, तरी दोघांचं काम चालतं. रोजच्या बसमध्ये असंच चालतं.

शेवटी येणारा ‘री’ कन्नडमधला आदराचा. ‘होग्री’, ‘बर्री’, ‘हौद्री’, ‘इल्लरी’. तो काढला की तोच माणूस उद्धट होतो. म्हणून कन्नड संवाद लिहिताना कन्नड येणाऱ्या एखाद्याला वाचून दाखवा, विशेषतः उत्तर कर्नाटकातली बोली जाणणाऱ्याला. बेंगळुरूच्या सिनेमातलं कन्नड हुक्केरीच्या शेतकऱ्याच्या तोंडी घातलं तर ते पुणेरी मराठी कागलच्या माणसाच्या तोंडी घालण्यासारखंच झालं.

पूर्ण संभाषणच कन्नडमध्ये असेल तर? मग ते मराठीत लिहा. सुरुवातीला एकदाच सांगा, “दोघी कन्नडमध्ये बोलत होत्या”, आणि पुढे सरळ मराठी. फक्त त्या तुकड्यात ठळक मराठी वाक्प्रचार टाळा. “नाकी नऊ आले” असं कन्नडमध्ये बोलणारी बाई म्हणणार नाही, ते वाचकाला लगेच खटकतं. थोडी साधी, सपाट वाक्यं ठेवा, की दुसऱ्या भाषेतून आल्यासारखी वाटतील.

एक सांगायलाच हवं. सीमाभागातल्या कथांत कन्नड बोलणारा माणूस नेहमी उर्मट कंडक्टर किंवा अडवणूक करणारा कारकून असतो. आळशीपणा आहे हा. इथे मराठी घरात कन्नड सुना आहेत, कन्नड घरात मराठी जावई आहेत, एकाच शेताच्या बांधावर दोन्ही भाषांतून पाण्याच्या पाळीवरून भांडणं होतात आणि मिटतातही. राग आहे, तो लिहावा. पण रागाला माणूस द्या, भाषेला पात्र करून उभं करू नका.

बोली किती, कुठवर

बोली म्हणजे एक ठरलेला साचा नव्हे. निपाणी-चिकोडीकडची मराठी कोल्हापूरच्या अंगानं जाते, खानापूरच्या पश्चिमेला कोकणी जवळ येते, बेळगाव शहराचं आपलं वेगळंच. इथे ‘काय करतोयस?’च्या जागी ‘काय करूलास?’ ऐकू येतं, ‘येतोय’च्या जागी ‘येऊलोय’. आग्रहाला ‘की’ येतो : बस की, खा की, सांग की. तो बरोबर जागी बसला तर एका अक्षरात माया येते. प्रत्येक वाक्यामागे लावला तर नकल वाटते.

म्हणून प्रत्येक पात्राचं शब्दपत्र करा, सहा ते आठ रूपांचं, त्याहून जास्त नको. उदाहरणार्थ आजीचं : व्हय, न्हाई, हितं, कवा, लई, ‘बी’ (मी बी). बाबांचं : हो, नाही, इथं, लई, आणि कामावरचे दोन शब्द. पीयूसीतल्या मुलीचं : हाय, टेस्ट, रिझल्ट, करूलोय. आता तिघं एका घरात राहूनही वेगळी ऐकू येतात. एकदा ठरवलेलं रूप कथाभर तसंच ठेवा. पहिल्या पानावर ‘न्हाई’ आणि चौथ्यावर ‘नाय’ झालं की वाचकाला पात्र दिसत नाही, लेखकाची धांदल दिसते.

उच्चाराची प्रत्येक लकब लिपीत उतरवायचा हट्ट मात्र धरू नका. दर दोन शब्दांनी अडखळायला लागलं तर वाचक बोली ऐकत नाही, कोडं सोडवतो. शब्दरूपांपेक्षा वाक्याची बांधणी जास्त काम करते. ‘ते काम माझ्याकडून होणार नाही’ यात एकही शब्द न मोडता ‘मला नाही जमायचं ते’ केलं, की माणूस जवळ आला.

बोली फक्त मोलकरीण, शेतकरी आणि विनोदी मामा यांना आणि नायक-नायिकेला प्रमाण मराठी, ही वाटणी सोडून द्या. टिळकवाडीतले निवृत्त गुरुजीसुद्धा घरी ‘लई’ म्हणत असतील, आणि येळ्ळूरची शेतकरीण बँकेत गेल्यावर ठेवणीतली मराठी काढत असेल. कुठे काढते आणि कुठे सोडते, त्यातच तिची कथा असते.

आता ती ‘जातो’ म्हणणारी मुलगी. बेळगाव-कोल्हापूर भागात पुष्कळ बायका-मुली स्वतःबद्दल ‘मी जातो’, ‘मी आलो’, ‘मी करतो’ असंच बोलतात. त्यात बंडखोरी वगैरे काही नाही, रोजची भाषा आहे. ते लिहायचं असेल तर तीन गोष्टी पाळा. पहिल्याच संवादात बोलणारी मुलगी आहे हे हाकेतून किंवा निवेदनातून स्पष्ट करा, नाहीतर वाचक दोन पानं मुलगाच समजून वाचेल. रूप फक्त ‘मी’बरोबर बदलतं, निवेदनात आणि इतरांच्या तोंडी ती ‘ती गेली’, ‘ती आली’च राहते. आणि ती पुण्याला शिकायला गेली, तिथल्या मैत्रिणी हसल्या, तर ती हळूहळू ‘जाते’ म्हणू लागेल. सुट्टीत घरी आल्यावर पहिल्या दिवशी ती काय म्हणते, ‘आले’ की ‘आलो’? त्यावर आईची नजर कशी वळते? एवढ्या एका मात्रेवर चांगली कथा उभी राहते.

हाका आणि सर्वनामं

तू, तुम्ही, आपण यांत जे सांगता येतं ते इंग्रजीत लिहिणाऱ्याच्या नशिबी नाही, म्हणून ते वाया घालवू नका. कोण कुणाला काय म्हणतं ते शब्दपत्रातच लिहा. थोरला भाऊ अण्णा किंवा दादा, थोरली बहीण अक्का किंवा ताई, वहिनीला वैनी, अनोळखी वयस्क माणसाला मामा, जावयाकडच्यांना पावणं. नवरा-बायकोत ‘अहो’ आहे की नावानं हाक आहे, आणि माहेरी गेल्यावर ती बदलते का, हे ठरवा. मग एका जागी ते मोडा. तीस वर्षं ‘तुम्ही’ म्हणणारी बायको एकदा ‘तू’ म्हणाली तर पुढे ओरडा, रडारड, भांडी आपटणं काही लिहावं लागत नाही.

संवादात नावांची हाक मात्र जपून. दोघंच खोलीत असताना कोणी दर वाक्याला ‘सुनील’, ‘सुनील’ करत नाही. नाव येतं ते बोलावताना, दटावताना किंवा गयावया करताना.

म्हणाला, विचारलं आणि मधले हात

याला फार वेळ नको. प्रत्येक नवीन बोलणाऱ्याला नवा परिच्छेद. अवतरणचिन्हं दुहेरी घ्या आणि कथाभर तीच ठेवा. ‘म्हणाला’, ‘म्हणाली’, ‘विचारलं’ एवढ्यावर नव्वद टक्के काम भागतं. ‘तो उद्गारला’, ‘ती वदली’, ‘त्यानं प्रतिपादन केलं’ हे शब्द कथेत अंगात सदरा उलटा घातल्यासारखे दिसतात. कर्ता सांभाळा : तो म्हणाला, पण त्यानं विचारलं, तिनं सांगितलं. वडीलधारे ‘म्हणाले’. प्रश्नचिन्ह दिल्यावर ‘असा प्रश्न त्याने विचारला’ लिहू नका. संवादात ‘केलं, गेलं, असं’ लिहायला बिचकू नका, पात्राच्या तोंडची भाषा उच्चाराप्रमाणे लिहायला लेखननियमांतही मोकळीक आहे. पण निवेदनात ‘केले, गेले’ घ्यायचं की ‘केलं, गेलं’, ते एकदा ठरवा आणि मग बदलू नका.

बोलण्याच्या मधल्या कृतींवर मात्र थोडा वेळ घालवा. ‘त्यानं सुस्कारा सोडला’, ‘तिनं खिडकीबाहेर पाहिलं’, ‘तो क्षणभर थांबला’ : या तिन्ही ओळी कुठल्याही कथेतून उचलून कुठल्याही कथेत ठेवता येतात, म्हणून त्या निकामी. पात्राच्या कामातली कृती घ्या. निपाणीची बिडी वळणारी बाई घ्या. मांडीवर सूप, पान कापायची कात्री, तंबाखू भरायचा, वळायचं, दोऱ्यानं बांधायचं. मजुरी हजार बिड्यांवर, म्हणून ती बोलताना हात थांबवत नाही. सगळं संभाषण तिच्या हातांच्या चालीवर होऊ द्या, आणि ज्या वाक्याला हात थांबतील ते वाक्य महत्त्वाचं. साधारण चार-पाच ओळींमागे एक कृती पुरते. दर ओळीला दिली तर कठपुतळ्यांचा खेळ होतो.

मोठ्यानं वाचताना काय बिघडलेलं सापडतं

खर्डा दोन दिवस बाजूला ठेवा, मग मोठ्यानं वाचा. मनातल्या मनात वाचलं तर डोळा चुका गिळून टाकतो. जिथे एका दमात वाक्य संपत नाही तिथे वाक्य तोडा. जिथे जीभ अडखळते तिथे बहुतेक वेळा जोडशब्द किंवा ‘जो-तो’ची लांब बांधणी असते : ‘ज्या माणसाला मी काल भेटलो होतो तो माणूस आज आला.’ बोलणारा म्हणेल, “काल तो भेटला नव्हता का? आलाय.”

मग एकदा दुसऱ्या कुणालातरी वाचायला द्या आणि तुम्ही फक्त ऐका. मधे समजावून सांगायचा मोह होईल, तोंड बंद ठेवा. तो भलत्याच सुरात वाचतोय तिथे तुमची ओळ अपुरी आहे. तो हसला आणि तुम्हाला हसू अपेक्षित नव्हतं, तिथे खूण करा. शक्य असेल तर दोन वाचक घ्या : एक घरातलं मोठं माणूस, ते बोलीची चूक पकडतं, आणि एक सोलापूर-नाशिककडचा मित्र, तो सांगतो कुठे काहीच कळलं नाही. दोघांचं एकाच ओळीवर बोट पडलं तर ती ओळ काढाच. घरच्याला पटली आणि लांबच्याला अडली, तर ओळ ठेवा आणि आजूबाजूला आधार द्या.

कथा मासिकाला किंवा दिवाळी अंकाला पाठवताना सोबत एक छोटी चिठ्ठी जोडा, नाहीतर मुद्रितशोधक मेहनतीनं सगळं ‘सुधारून’ टाकतील आणि तुम्हाला ते छापल्यावरच कळेल. चार ओळी पुरतात : “या कथेतली पात्रं बेळगाव परिसरातली आहेत. संवादांतली ‘न्हाई’, ‘हितं’, ‘करूलोय’ ही रूपं जाणीवपूर्वक ठेवली आहेत. नायिका स्वतःबद्दल ‘मी जातो, मी आलो’ असं बोलते, ती बोलीतली रीत आहे. संवादांत बदल करायचा झाल्यास कृपया आधी कळवावं.” खाली फोन नंबर लिहा, आणि चिठ्ठी कथेच्या पहिल्या पानाला टाचा. वेगळ्या पाकिटात घातली तर ती संपादकांच्या टेबलावरच राहते.